बंदिवानाचा ठावठिकाणा

मनुष्य बंदीत पडला म्हणजे त्याच्या घरी पहिला प्रश्न उठतो तो 'तो आहे कोठे?' हा होय. अपराध, साक्षीपुरावा, शिक्षा हे सारे प्रश्न मागाहून येतात. गोकुळाष्टमीच्या कीर्तनात देवकी-वसुदेवांच्या बंदिशाळेचे वर्णन आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. त्या कथेत कुलुपे आहेत, साखळदंड आहेत, पहारेकरी आहेत. परंतु बंदिशाळा कोठे आहे आणि आत कोण आहे, हे साऱ्या मथुरेस ठाऊक आहे. इतिहासातील कित्येक बंदिशाळा याहूनही भयंकर होत्या, कारण आत कोण आहे हेच बाहेर कोणास कळत नसे.

आज गोव्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत आपल्या समाजातील अनेक घरांची मुले अमेरिकेत नांदत आहेत. अशा एखाद्या घरी मध्यरात्री दूरध्वनी यावा आणि 'काउंटीच्या तुरुंगात' एवढेच शब्द कानी पडावे, हा प्रसंग अगदीच दुर्मिळ राहिलेला नाही. हा काउंटीचा तुरुंग म्हणजे काय, आणि त्यातील माणसाचा शोध घेण्याचा अधिकार आप्तांस कसकसा मिळत गेला, याचा इतिहास मनोरंजक आहे आणि उपयुक्तही आहे. वाचकांपुढे तो थोडक्यात मांडावा, असा आमचा विचार आहे.

काउंटी म्हणजे साधारणतः आपला जिल्हा. इंग्लंडात राजाचा जिल्ह्यातील कारभारी तो शेरीफ. मुंबईकरांस शेरीफ हे एक मानाचे पद म्हणून परिचित आहे. मूळचा इंग्रजी शेरीफ मात्र राजाच्या वतीने वसुली करणारा आणि माणसे धरून आणणारा अधिकारी होता. ११६६ साली दुसऱ्या हेन्री राजाने, ज्या काउंटीत तुरुंग नसेल तेथे तो बांधावा, अशी आज्ञा काढली. तेथून शेरीफ आणि काउंटीचा तुरुंग यांची जोडी जुळली. हे तुरुंग शिक्षा भोगण्यासाठी क्वचितच असत. न्यायाधीश फिरतीवर येईपर्यंत आरोपीस अडकवून ठेवावे, एवढाच त्यांचा हेतू. न्यायाधीश वर्षातून फार तर दोनदा-तीनदा येत. तोवर माणूस आत. त्याचे अन्न, पांघरूण, औषध यांचा भार बहुतांशी त्याच्या घरच्यांवरच पडे. ज्याचे आप्त जवळ, तो जगे. ज्याचा कोणास पत्ता नाही, त्याचे हाल कुत्रा खात नसे.

या अवस्थेचे एक बोलके उदाहरण बेडफर्ड काउंटीच्या तुरुंगात सापडते. १६६० च्या नोव्हेंबरात जॉन बन्यन या कासाराच्या धंद्यातील धर्मोपदेशकास परवान्यावाचून उपदेश केल्याबद्दल धरण्यात आले. हाच तो बन्यन, ज्याच्या ग्रंथाचे 'यात्रिकक्रमण' हे मराठी भाषांतर १८४१ साली निघाले. तो बारा वर्षे, म्हणजे १६७२ पर्यंत, त्या तुरुंगात होता आणि आत बसून बुटांच्या नाड्या तयार करून संसारास हातभार लावीत होता. त्याची द्वितीय पत्नी एलिझाबेथ ही तरुण स्त्री होती. पहिल्या पत्नीची चार मुले तिच्या पदरात होती, त्यांतील एक मुलगी जन्मांध. १६६१ च्या ऑगस्टात न्यायाधीश बेडफर्डास आले, तेव्हा या बाईने नवऱ्याची बाजू ऐकावी म्हणून पुनःपुन्हा अर्ज दिले आणि अखेर भर कचेरीत उभी राहून स्वतः बोलली. सर मॅथ्यू हेल या न्यायाधीशाने तिचे म्हणणे सहानुभूतीने ऐकले, कायद्याचे उपाय सांगितले. परंतु सुटका झाली नाही. तथापि आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. आपला नवरा कोठे आहे आणि कोणत्या आरोपावरून आहे, हे त्या बाईस ठाऊक होते. तेवढ्या आधारावर ती न्यायासनापुढे उभी राहू शकली.

हा आधारदेखील काढून घेण्याची युक्ती सत्ताधाऱ्यांस लवकरच सुचली. दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीत गैरसोयीच्या माणसांस दूरच्या बेटांवर धाडण्यात येऊ लागले, कारण इंग्लंडातील न्यायालयाचा हुकूम तेथे चालत नसे. या अन्यायातून १६७९ चा बंदिप्रत्यक्षीकरणाचा कायदा जन्मास आला. कैद्यास न्यायालयापुढे हजर करण्याचा हुकूम त्यापूर्वीही होता. या कायद्याने त्याला दात दिले. त्याची कलमे वाचताना कायदा करणाऱ्यांस तुरुंगाच्या दाराशी ताटकळणाऱ्या माणसाची किती जाण होती, हे दिसून येते. कैद्याने किंवा त्याच्या वतीने कोणीही मागणी केल्यास, अटकेच्या हुकुमाची खरी नक्कल तुरुंगाधिकाऱ्याने सहा तासांत दिली पाहिजे. न दिल्यास पहिल्या खेपेस शंभर पौंड दंड, दुसऱ्या खेपेस दोनशे, शिवाय नोकरीस मुकणे. तुरुंग वीस मैलांच्या आत असेल तर कैद्यास तीन दिवसांत हजर करावे, शंभर मैलांच्या आत असेल तर दहा दिवसांत, त्याहून दूर असेल तर वीस दिवसांत. सबळ कारणावाचून एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवू नये. आणि इंग्लंडच्या रहिवाशास समुद्रापार कोणत्याही तुरुंगात धाडू नये. 'त्याच्या वतीने कोणीही' या शब्दांत आप्तांचा अधिकार प्रथमच असा नेमकेपणाने लेखी आला, असे आम्ही समजतो.

समुद्रापारच्या कलमाची किंमत आपणांइतकी कोणास कळणार? आपल्या देशबांधवांस हे कलम लाभले नाही. अंदमानच्या कोठडीतून वर्षास एक पत्र, एवढाच घराशी धागा उरे. मोहन रानडे यांस १९५५ साली गोव्यात पकडून पुढे पोर्तुगालात नेण्यात आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात बंदीतच होते. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. कैदी आणि आप्त यांच्यामध्ये समुद्र घातला म्हणजे काय होते, हे १६७९ च्या कायदेपंडितांनी ओळखले होते.

आता पुन्हा बेडफर्डकडे वळू. १७७३ साली जॉन हॉवर्ड हा सद्‌गृहस्थ त्याच काउंटीचा शेरीफ झाला. शेरीफांनी तुरुंगाकडे ढुंकूनही पाहू नये, अशी तेव्हाची रीत. हॉवर्ड स्वतः आत गेला. तेथे त्याला असे आढळले की, न्यायालयाने निर्दोष सोडलेली माणसेही पुन्हा आत ओढून नेली जात आणि तुरुंगाधिकाऱ्याची दक्षिणा चुकती होईपर्यंत डांबली जात. अधिकाऱ्यास पगार नव्हता. कैद्यांकडून मिळणाऱ्या फीवरच त्याचा चरितार्थ चाले. अधिकाऱ्यास पगार द्या, असे हॉवर्डने सुचविले, तेव्हा मॅजिस्ट्रेटांनी पूर्वीचा दाखला मागितला. दाखला शोधण्यास हॉवर्ड शेजारच्या काउंट्यांतून घोड्यावर फिरला. दाखला मिळाला नाही. तोच अन्याय मात्र सर्वत्र दिसला. १७७४ साली त्याने पार्लमेंटपुढे साक्ष दिली आणि त्याच वर्षी निर्दोष ठरलेल्यांची ही अडवणूक बंद करणारा कायदा झाला. १७७७ साली त्याने तुरुंगांच्या स्थितीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या तुरुंगात किती माणसे, कशासाठी, कोणत्या हालात, हे त्याने मोजून लिहिले. तुरुंगाची भिंत पारदर्शक करण्याचा तो पहिला मोठा उद्योग होय.

इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर शेरीफ आणि काउंटीचा तुरुंग अमेरिकेत गेले. इंग्लंडात पुढे तुरुंग मध्यवर्ती सरकारच्या हाती गेले; अमेरिकेत मात्र जुनी व्यवस्था टिकून राहिली. तेथे तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला शेरीफ आपला तुरुंग चालवितो. ज्यांचा खटला अद्याप चालावयाचा आहे ते, आणि साधारणतः वर्षाच्या आतील शिक्षेचे कैदी तेथे असतात. दीर्घ शिक्षेचे कैदी राज्याच्या तुरुंगात जातात. काउंटीच्या तुरुंगातील बहुसंख्य माणसे अद्याप दोषी ठरलेली नसतात, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

अशा माणसाचा शोध कसा लागतो? पकडल्यावर त्यास कधी प्रथम शहराच्या पोलिसांच्या कोठडीत ठेवतात, कधी थेट काउंटीच्या तुरुंगात नेतात, आणि तुरुंगात नाव, जन्मतारीख, छायाचित्र, बोटांचे ठसे घेऊन नोंद करतात व एक क्रमांक देतात. ही नोंद होईपर्यंत काही तास जातात. पुष्कळ काउंट्यांत ही यादी शेरीफच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. नसेल तेथे तुरुंगात दूरध्वनी करून विचारावे. कोणत्या गावी अटक झाली, ते गाव कोणत्या काउंटीत, हे आधी निश्चित करावे. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड यांसारख्या काही राज्यांत मात्र काउंटीचे तुरुंगच नाहीत. तेथे राज्याकडे विचारावे लागते. आपली नावे तेथील लेखनिकास अपरिचित असतात. वडिलांचे नाव आडनावाच्या जागी पडते, अक्षरे इकडची तिकडे होतात. म्हणून पासपोर्टावरील लेखन आणि जन्मतारीख हाताशी ठेवून फेरफार करून पाहावे. मध्यवर्ती सरकारच्या कैद्यांची यादी वेगळी, आणि परदेशी नागरिक म्हणून स्थानबद्ध केलेल्यांची आणखी वेगळी. या शेवटच्या यादीत नऊ आकडी क्रमांक व जन्मदेश यांवरून शोध घेता येतो. एका यादीत नाव नाही म्हणून माणूस नाही, असे समजू नये.

ठिकाणा लागला तरी संवाद सोपा नाही. बाहेरून दूरध्वनी करून कैद्याशी बोलता येत नाही. तो आतून करतो आणि खर्च बहुधा घरच्यांवर पडतो. हा खर्च इतका वाढला होता की, मार्था राइट या वॉशिंग्टनमधील आजीबाईंनी तुरुंगातील नातवाशी बोलण्याच्या दराविरुद्ध २००० साली न्यायालयात दाद मागितली. त्यांचे नाव धारण करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही जानेवारी २०२३ मध्ये झाली. आजीबाई त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. या दूरध्वनींचे ध्वनिमुद्रण होते. म्हणून 'झाले काय?' हा प्रश्न घरच्यांनी तेथे विचारू नये. तो वकिलासाठी राखावा. वकिलाशी होणारा पत्रव्यवहार आणि भेट मात्र कायद्याने गोपनीय मानली आहे.

परदेशी नागरिकांस आणखी एक आधार आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या छत्तिसाव्या कलमान्वये, पकडलेल्या परदेशी माणसास आपल्या वकिलातीस कळविण्याचा हक्क आहे आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यास त्याची भेट घेण्याचा. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी पाकिस्तानने हेच कलम मोडले, असा निर्णय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. अमेरिकेने काही देशांशी, कैद्याने न मागताही वकिलातीस कळविण्याचे करार केले आहेत. भारत त्या यादीत नाही. म्हणून भारतीय कैद्याने ही मागणी स्वतः केली पाहिजे, आणि घरच्यांनी त्याला ती सुचविली पाहिजे.

उघड्या यादीस दुसरी बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. निर्दोष ठरणाऱ्याचे छायाचित्रही गावभर होते, आणि कुटुंबाची अब्रू चव्हाट्यावर येते. उलट १९९३ साली केंटकी राज्यात, जामिनावर सुटलेल्या माणसाने, सुटकेची खबर नसलेल्या एका तरुणीचा खून केला, तेव्हा १९९४ पासून तेथे सुटकेची सूचना देणारी व्यवस्था सुरू झाली आणि ती देशभर पसरली. दोन्ही बाजू तोलून पाहता, लाज सोसावी पण गुप्तता नको, असेच आमचे मत आहे. लाजेचा घाव भरून येतो. ज्याचा पत्ताच नाही त्याच्यासाठी जामीनही देता येत नाही.

आपल्याकडेही वाटचाल याच दिशेने झाली. अटक झालेल्यास चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचा दंडक घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. आप्तास खबर देण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९४ आणि १९९६ च्या निर्णयांत घालून दिला. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, अटक झालेल्यांची नावे व आरोपाचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळकपणे लावण्याचे बंधन घातले.

आमच्या व्यवसायात वारंवार दिसते ते हे की, कायदा दार उघडतो तरी घरचे लोक पहिले दोन-चार दिवस लाजेपायी गप्प बसतात. 'लोक काय म्हणतील' या विचारात जे तास जातात, त्याच तासांत जबाब घेतले जातात, जामीन ठरतो किंवा फेटाळला जातो. मंदिराच्या सभामंडपात आपण एकमेकांच्या सोयरसुतकाची विचारपूस करतो. अशा प्रसंगीही शेजारच्या घराने मोकळेपणाने विचारावे आणि अडलेल्या घराने मोकळेपणाने सांगावे. चार मुले घरी ठेवून एलिझाबेथ बन्यन भर कचेरीत उभी राहिली, तिच्याजवळ यादी नव्हती, दूरध्वनी नव्हता, वकीलही नव्हता. आपणांस तिच्याहून पुष्कळ साधने आहेत. धैर्य तेवढे तिचे घ्यावे.