पगारपत्रकाचा माणूस

पेरोल सॉफ्टवेअर लिहिण्यात ग्लॅमर नाही. ‘मी रजेचे हिशोब कोडतो’ असं सांगून लग्नाच्या बाजारातही भाव वाढत नाही. डेव्ह डफील्डने मात्र आयुष्याचा मोठा भाग याच कामात घालवला आणि त्यावर एकामागून एक कंपन्या उभ्या केल्या.

कॉर्नेलमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि एमबीए, मग आयबीएम. १९६८ मध्ये पहिली कंपनी, १९७२ मध्ये दुसरी, इंटिग्रल सिस्टिम्स. तिचं पगाराचं सॉफ्टवेअर मेनफ्रेमवर चाले. ऐंशीच्या दशकात टेबलाटेबलावर पीसी आले, पण इंटिग्रलला मेनफ्रेम सोडवेना. १९८७ मध्ये डफील्ड बाहेर पडला, घर गहाण टाकलं आणि केन मॉरिसबरोबर पीपलसॉफ्ट काढली. स्क्रीन पीसीवर, डेटा सर्व्हरवर.

तिच्या डेटाबेसमध्ये एक कॉलम आहे, ‘ईएफएफडीटी’. पगार वाढला की जुनी ओळ पुसायची नाही, ‘या तारखेपासून लागू’ म्हणून नवी लिहायची. त्यामुळे तीन महिने उशिरा कळलेल्या बढतीचा फरकही बिनचूक काढता येतो. त्या कॉलमसाठी लिहाव्या लागणाऱ्या सबक्वेरीला शिव्या घालणारे पीपलसॉफ्टवाले तुम्हाला हिंजवडीतही भेटतील. मला तो कॉलम आवडतो. माणसाची नोकरी म्हणजे एक आकडा नसून इतिहास असतो, हे कोणीतरी टेबल डिझाइन करताना ओळखलं होतं.

२ जून २००३ ला पीपलसॉफ्टने जे. डी. एडवर्ड्स विकत घेण्याची घोषणा केली. चारच दिवसांनी ओरॅकलच्या लॅरी एलिसनने पीपलसॉफ्टवरच बोली लावली, शेअरला १६ डॉलर. पीपलसॉफ्टची उत्पादनं नव्या ग्राहकांना आपण आवर्जून विकणार नाही, हेही ओरॅकलने सांगून टाकलं. म्हणजे गाय घ्यायची ती दुधासाठी नाही, गोठा रिकामा करायला! बिथरलेल्या ग्राहकांना धरून ठेवण्यासाठी पीपलसॉफ्टने हमी दिली: कंपनी विकली गेली आणि सपोर्ट आटला, तर लायसन्सच्या किमतीच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत पैसे परत. ग्राहकाला दिलासा आणि खरेदीदाराच्या पायात धोंडा, असा दुहेरी डाव. तरी सप्टेंबर २००४ मध्ये कोर्टाने ओरॅकलच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबरमध्ये संचालकांनी सीईओ क्रेग कॉनवेला काढलं आणि डफील्डला परत बोलावलं. डिसेंबरमध्ये कंपनी गेली. शेअरला २६.५० डॉलर, एकूण सुमारे १०.३ अब्ज.

जानेवारी २००५ मध्ये ओरॅकलने सुमारे ५,००० नोकऱ्या कापल्या. डफील्डने त्या माणसांसाठी स्वतःच्या पैशातून मदतनिधी उभारला. ते चांगलंच केलं. पण विक्रीतून त्याच्या खिशात जे आलं त्यापुढे ही रक्कम लहान होती, हेही नोंदवायला हवं.

मार्चमध्ये त्याने अनिल भुसरीबरोबर वर्कडे काढली. विषय तोच, पगार आणि माणसं. या वेळी क्लाउडवर. ग्राहक पीपलसॉफ्टकडूनच खेचायचे होते. इंटिग्रलशी जे केलं होतं, तेच आता स्वतःच्याच जुन्या कंपनीशी.

२०१२ मध्ये वर्कडे शेअर बाजारात उतरली, तेव्हा शेअर दोन जातींचे होते. बाजारात विकलेल्या शेअरला एक मत, संस्थापकांकडच्या शेअरला दहा. छोट्या भागधारकाच्या दृष्टीने ही सरळ अरेरावी आहे. पण त्या दहा मतांमुळे नव्या एलिसनला आता बाजारातून शेअर गोळा करून भागणार नव्हतं. त्याला डफील्ड आणि भुसरीचा होकार मिळवावा लागणार होता.