खोडरबर नसलेली वही : प्रस्तावना

सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर उभे राहिले की मीरा-भाईंदर रस्त्यावर मेट्रो ९ चे खांब ओळीने दिसतात, आणि आजूबाजूला त्यांच्या कितीतरी आधी उभ्या राहिलेल्या सोसायट्या. या प्रत्येक खांबामागे, प्रत्येक स्लॅबमागे कुणा अभियंत्याची सही आहे. ती ज्या कागदावर केली तो कागद आज कुठे आहे, त्यावरचा मजकूर मूळचाच आहे का, हे प्रश्न रहिवाशांना एरवी पडत नाहीत. पडतात ते स्ट्रक्चरल ऑडिटची नोटीस हाती आल्यावर. ब्लॉकचेन या विषयाकडे वाचकांनी याच बाजूने यावे, अशी माझी विनंती आहे.

ब्लॉकचेन म्हटले की बिटकॉइन आठवतो. तो क्षणभर बाजूला ठेवा आणि सार्वजनिक बांधकाम खात्याची मोजमाप वही, म्हणजे एमबी, डोळ्यांसमोर आणा. पानांना क्रमांक, नोंद शाईने, पान फाडायचे नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा पायाच्या खोदाईची खोली १.५० मीटरऐवजी १.८० लिहून बसलो आणि घाईघाईने आकडा गिरवू लागलो. आमच्या डेप्युटी साहेबांनी हात धरला. जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायला लावली, वर बरोबर आकडा, शेजारी आद्याक्षरी आणि तारीख. “चूक झाली हेही वाचता आलं पाहिजे,” एवढेच ते म्हणाले. ब्लॉकचेनचे मर्म मला पुढे कुठल्याही ग्रंथात याहून सोपे सापडले नाही.

फरक इतकाच की एमबी एका कपाटात असते आणि ब्लॉकचेनच्या प्रती अनेकांकडे असतात. नोंदीवरून गणिताने तिचा एक छोटा ठसा काढतात, त्याला ‘हॅश’ म्हणतात. काँक्रीटचा ठोकळा फोडून त्याची ताकद मोजतात, त्या क्यूब टेस्टच्या अहवालात २४.८ चे २५.८ केले, तर ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. पुढच्या नोंदींच्या गठ्ठ्यात मागच्याचा ठसा गुंफलेला असल्याने मधलेच पान बदलायचे तर त्यापुढची सगळी पाने, तीही अनेकांच्या प्रतींतली, बदलावी लागतात. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये डिजिटल कागदपत्राची तारीख पक्की करण्याची रीत मांडली, ती याच विचाराची. पुढे असे ठसे न्यूयॉर्क टाइम्समध्ये दर आठवड्याला छापले जाऊ लागले. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात देतात, तशीच ही साक्ष. बिटकॉइनचा निबंध आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००८ मध्ये.

अभियंत्याला याची गरज का? गृहप्रकल्पांना लागू असलेल्या रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. बांधकाम जितके पुढे गेले तितकीच ती काढता येते. त्यासाठी वास्तुविशारद आणि सनदी लेखापालासोबत अभियंत्याचा दाखला लागतो. म्हणजे आपल्या सहीवर लोकांचे पैसे हलतात. इमारतीला ३० वर्षे झाली की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तिच्या मजबुतीचा दाखलाही अभियंताच देतो. कागद खोटा निघाला तर काय होते, ते डोंबिवलीने पाहिले. तिथल्या ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत लोकांनी कर्ज काढून घरे घेतली होती. परवानगी देतानाच तिचा ठसा सर्वांना तपासता येईल अशा वहीत नोंदला असता, तर ते बनावट कागद नोंदणीच्या खिडकीवरच अडले असते, असे मला मनापासून वाटते.

हे दूरचे स्वप्न नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनशी जोडण्याचे काम हाती घेतले गेले. जातीच्या दाखल्याला जे जमते ते स्थैर्याच्या दाखल्याला का जमू नये?

तरीही एका ठिकाणी तुम्ही थांबावे. क्यूबसाठी मुद्दाम चांगला माल वेगळा काढला आणि स्लॅबमध्ये पाणी जास्त घातलेला ओतला, तर वही तो खोटा आकडाही तितक्याच निष्ठेने जपेल. २८ दिवसांनी क्यूब फुटेल तो उत्तम ताकद दाखवून, आणि स्लॅब मात्र कच्चा राहील. साइटवर उभा असलेला माणूस कोण होता, हे नोंदवता येते. त्याने पाहिले ते खरेच लिहिले का, हे यंत्राला कळत नाही. शिवाय वास्तुविशारदांना १९७२ चा कायदा आणि परिषद आहे, अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी कायदा नाही. सही पक्की करण्याआधी सही कुणाची, हे पक्के करावे लागेल. या व्यवसायातला मोठा बदल तिथे आहे, असे माझे मत आहे.

वाचकांनी पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. गणिताची धास्ती असेल तर दुसरे प्रकरण सोडा आणि थेट क्यूब रजिस्टरच्या प्रकरणाकडे जा. सोसायटीच्या कमिटीवर असाल तर आधी कपाटातली फाइल काढा, शेवटचा ऑडिट अहवाल शोधा, त्यावरची तारीख आणि परवाना क्रमांक पाहा, आणि तो समोर ठेवून चौथे प्रकरण उघडा.

सिल्व्हर पार्क, मीरा रोड