लाल धूळ आणि एक्सलचा बूट

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव सप्तकोटेश्वरामुळे इतिहासाला ठाऊक आहे; दिवाडी बेटावरील मूळ देवालय पोर्तुगीज राजवटीत पाडले गेल्यावर देव नदी ओलांडून येथे आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी मंदिराचा जीर्णोद्धार करविला. या तालुक्याच्या रस्त्यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे रूप आले, ते मात्र लोहखनिजामुळे. खाणींतून ट्रकांनी मांडवीकाठच्या धक्क्यांवर व तेथून बार्जांनी मुरगावला, असा हा माल 2012 मध्ये खाणकाम थांबेपर्यंत जात राहिला आणि त्याची लाल धूळ उन्हाळ्यात कोरडी, पावसाळ्यात चिखल होऊन साध्या मोटारींच्याही तळाशी बसत गेली.

जुन्या अँबॅसडर किंवा पद्मिनीला या धुळीचे भय तुलनेने कमी होते. त्यांची मागची चाके इंजिनाच्या जोरावर फिरत आणि मधल्या लांब दांड्याला, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला, क्रॉसचे सांधे असत. त्यांत ठरावीक काळाने ग्रीस भरले की काम भागे. पुढच्या चाकाने ओढायचेही आणि वळायचेही, अशी रचना आली तेव्हा हा क्रॉस अपुरा ठरला, कारण कोन वाढला की त्याची पलीकडची बाजू एकाच फेऱ्यात दोनदा वेगाने व दोनदा सावकाश फिरते. आल्फ्रेड झेप्पा याने 1920 च्या दशकात सहा छर्रे खोबणींत बसवून समान वेगाचा सांधा घडविला. 1959 च्या ब्रिटिश मिनीने तो छोट्या मोटारींत रूढ केला, आणि 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती पडली तेव्हा पुढच्या चाकांनी ओढणारी मोटार भारतातही घरोघरी पोहोचण्याचा मार्ग खुला झाला. पाठोपाठ आलेली मारुती व्हॅन मात्र मागच्याच चाकांवर चाले.

पुढच्या चाकांच्या या समान वेगाच्या सांध्याला वरचेवर ग्रीस देण्याची सोय नसते. एकदा भरलेले ग्रीस आत राखणे आणि धूळपाणी बाहेर ठेवणे, ही दोन्ही कामे घड्यांच्या रबरी आवरणाची असतात. त्यालाच गॅरेजात एक्सल बूट म्हणतात. सांध्याचे आयुष्य अशा रीतीने त्याच्याहून कितीतरी स्वस्त अशा रबरावर अवलंबून राहिले, म्हणून त्याकडे वेळेवर पाहणे ही या मोटारींची खरी निगा होय. तपासणीसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून घड्या उघडतात, खोलगट भागात चीर शोधतात. रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलाच समजावा. वळणावर कटकट ऐकू येऊ लागली, तर बहुधा उशीर झालेला असतो.

बूट बदलताना हबचा नट सोडून शाफ्ट बाहेर काढतात, क्लिपा कापतात आणि सांधा रॉकेलने धुतात. खनिजाची कणी ग्रीसमध्ये मिसळली की ती घासणीचे काम करते, त्यामुळे नवा बूट चढविण्यापूर्वी जाणता फिटर छर्ऱ्यांच्या खोबणीवरून नख फिरवितो. नख अडकले, तर नुसता बूट बदलून भागत नाही, सांधाच बदलावा लागतो.