बीडकडील हिवाळ्याची सुटी

डिसेंबरअखेर सुटी घ्यावी, मुलांमाणसांसह प्रवासास निघावें आणि परत येऊन १ जानेवारीस नवी रोजनिशी उघडावी, हा क्रम आपणां सुशिक्षितांच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो इंग्रजी कचेरीनें घालून दिलेला आहे हें सहसा ध्यानांत येत नाहीं. बीड जिल्ह्यांत त्याचा शिरकाव उशिरां झाला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तेथील सरकारी वर्ष फसली. त्याचा पहिला महिना आजूर ऑक्टोबरच्या आरंभीं लागे, आणि आठवड्याची सुटी शुक्रवारीं असे. फसली १३५० म्हणजे इ. स. १९४०-४१. रयतेचें वर्ष मात्र चैत्रपाडव्यास उजाडे. या दोन्ही नववर्षांचा हिवाळ्याशीं संबंध नव्हता. तरी हिवाळ्याची सुटी होतीच.

तिचा एक भाग परगांवच्या मंडळींचा. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कित्येक कोंकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. निजामी अमलांत या गांवास मोमिनाबाद म्हणत. पण कुळाचारासाठीं निघालेल्या माणसाच्या तोंडीं तें नांव कशास येईल? देवीचा उत्सव मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे बहुधा डिसेंबरांत. देवी मूळची कोंकणांतली, तिचें लग्न परळीच्या वैजनाथाशीं ठरलें होतें, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागीं शिळा होऊन बसलें, अशी तेथील कथा आहे. गांवाजवळच्या लेण्यांतील दगडी हत्ती त्या वऱ्हाडांतलेच मानतात. वाटेंत थिजलेल्या वऱ्हाडाची कथा दूरचा प्रवास करून येणाऱ्यांस ऐकावयास मिळावी, हा योग मोठा गमतीचा!

दुसरा भाग घरच्यांचा, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. त्याच महिन्याच्या अमावास्येस अंबाजोगाई, परळी या बाजूस आणि लगतच्या लातूर-धाराशिवकडे येळवस असते. पंचांगी लेखणीनें तिला वेळ अमावास्या केलें आहे. २०२४ सालीं ती ३० डिसेंबरास आली होती. त्या दिवशीं घराला कुलूप लावून सारें कुटुंब शेतावर जातें. प्रवास कोसाभराचा, पूर्वीं तो बैलगाडीनें होई. शेतांत कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, तींत पांच पांडव म्हणून चुन्यानें रंगविलेले दगड मांडून पूजा करतात, आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडतात. मग वाल, तूर, हरभरा यांच्या कोवळ्या दाण्यांची आणि नाना भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे व गाडग्यांतली ताकाची आंबील. ज्याला शेत नाहीं त्याला शेतवाल्यानें आग्रहानें बोलवावें, ही रीत आहे. नाताळच्या सुटींत असें आमंत्रण क्वचितच येतें. कन्नड मुलखांत याच दिवशीं एळ्ळु अमावास्या असते. एळ्ळु म्हणजे तीळ. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे १९५६ पर्यंत बीडबरोबर एकाच हैदराबाद राज्यांत होते. पण हें नातें त्या राज्याहून जुनें असावें असें माझें मत आहे.

१९४८ नंतर फसली सन दफ्तरांतून गेला, १९५६ मध्यें जिल्हा मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. सरकारी सुटी रविवारची झाली. या फेरफारांनीं येळवशीचें कांहींच बिघडलें नाहीं. तिला धक्का बसला तो उसानें. पावसाचा भरंवसा नसलेल्या या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे जातात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी. त्यांचें वर्ष फसली नव्हे, शालिवाहन शकाचें नव्हे, इंग्रजीही नव्हे; मुकादमाकडून उचल घेतली कीं तें सुरू होतें आणि कारखान्याचा पट्टा पडला कीं संपतें.

येळवस येते तेव्हां गाळप ऐन भरांत असतें. त्या दिवशीं धारूर-केजकडचें तोडणीवालें कुटुंबही कोपींतच असतें; मात्र ती कोपी सबंध हंगामाची, आणि भोंवतालचें पीक दुसऱ्याचें.