विकेंद्रित समाजमाध्यमे: आयडेंटिका ते मॅस्टोडॉन

कोणत्याही एका कंपनीच्या ताब्यात नसलेले समाजमाध्यम उभे करण्याची खटपट २००८ पासून चालू आहे. तिच्यामागची कल्पना ईमेलइतकी जुनी आहे. जीमेलवरून याहूच्या पत्त्यावर मेल पोचतो, कारण दोन्हीकडचे सर्व्हर एकच प्रोटोकॉल पाळतात. फेसबुक आणि ट्विटर यांनी ही सोय ठेवली नाही. तिथल्या माणसांशी बोलायचे तर तिथेच खाते काढावे लागे, आणि खाते बंद झाले की वर्षानुवर्षे जोडलेली माणसेही तुटत.

जुलै २००८ मध्ये इव्हान प्रोड्रोमू यांनी कॅनडातील माँट्रियलहून आयडेंटिका ही सेवा सुरू केली. तिचे सॉफ्टवेअर ओपन सोर्स होते. ते आपल्या सर्व्हरवर बसवून कोणालाही तशीच सेवा चालवता येई. त्यासाठी निवडलेला एजीपीएल हा परवाना महत्त्वाचा होता. सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ते सर्व्हरवर चालवणाऱ्याने बदललेला सोर्स कोड वापरकर्त्यांना उपलब्ध करून द्यावा, अशी त्याची अट आहे. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरा या विकेंद्रित समाजमाध्यमासाठी लोकवर्गणी मागितली. अपेक्षा १० हजार डॉलरची होती, जमले सुमारे दोन लाख. लोकांना पर्याय हवा होता, यात शंका नाही. पण सॉफ्टवेअर त्या अपेक्षांना पुरे पडले नाही आणि २०१२ मध्ये प्रकल्प स्वयंसेवकांकडे सोपवण्यात आला.

ऑइगेन रॉख्को या जर्मनीतील तरुणाने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन आणले, तेव्हा प्रथमच हे प्रकरण सामान्य माणसाच्या हाताला सोपे झाले. इथल्या पत्त्यात नावापुढे सर्व्हरचेही नाव असते. एका सर्व्हरवर लिहिलेला मजकूर, लेखकाचे अनुयायी ज्या ज्या सर्व्हरवर आहेत तिथे तिथे पोचवला जातो. काय आधी दाखवायचे हे अल्गोरिदम ठरवत नाही. नवे वर, जुने खाली. या देवाणघेवाणीच्या अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलला जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने मान्यता दिली.

भारतात हे नाव गाजले नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. नाझी सलामीसाठी हात न उचललेल्या एका माणसाचे १९३६ मधील छायाचित्र त्यांनी वापरले होते. निषेध म्हणून अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती काढली. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर इलॉन मस्क यांनी ट्विटर ताब्यात घेतल्यावर तर जगभरातून लोंढा आला.

या लोंढ्यांनी खरी अडचण उघडी केली. तंत्र फुकट असले तरी सर्व्हर फुकट चालत नाही. भाडे भरणे, छायाचित्रांनी भरत जाणारी साठवण वाढवणे, तक्रारी वाचणे, शिवीगाळ करणाऱ्यांना काढणे ही कामे बहुतेक सर्व्हरवर एखादा चालक नोकरी सांभाळून, देणग्यांच्या आधारावर करतो. या चळवळीचा इतिहास सांगताना प्रोटोकॉलचे कौतुक होते, पण ती तगली आहे या माणसांच्या कष्टांवर. काही थकले आणि त्यांचे सर्व्हर बंद पडले. दुसरा सर्व्हर गाठताना अनुयायी सोबत नेता येतात. जुने लेखन मात्र मागेच राहते.

खुलेपणाचा लाभ कोणीही घेऊ शकतो. २०१९ मध्ये अतिउजव्यांची वर्दळ असलेल्या गॅब या समाजमाध्यमाने मॅस्टोडॉनचेच सॉफ्टवेअर उचलले. त्याला रोखणारी मध्यवर्ती सत्ता नव्हती. अनेक सर्व्हर-चालकांनी आपापल्या दारी त्याला बंदी केली. २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचे ट्रूथ सोशल हे समाजमाध्यमही हेच सॉफ्टवेअर न सांगता वापरत असल्याचे उघड झाले. मॅस्टोडॉनने एजीपीएलवर बोट ठेवल्यावर त्यांना सोर्स कोड प्रसिद्ध करावा लागला.

२०२४ पासून मेटाच्या थ्रेड्स या समाजमाध्यमानेही अ‍ॅक्टिव्हिटीपबमार्फत मजकूर बाहेर जाऊ देण्यास सुरुवात केली. थ्रेड्सशी जोडून घ्यायचे की नाही, यावर सर्व्हर-चालकांत उभी फूट पडली. काहींनी दार उघडे ठेवले, काहींनी थ्रेड्स येण्यापूर्वीच ते लावून घेतले होते.