खातेवही हरवलेल्या श्रेणींचा हिशेब

१/५ सातवाहनकालीन जुन्नरात बुरुडांची श्रेणी होती, कासारांचीही होती. त्यांची खातेवही मात्र उरलेली नाही. मग त्यांच्या आर्थिक व्यवहाराचा अंदाज बांधायचा कसा? आधार एकच, लेण्यांतील दानलेख.

२/५ जुन्नरच्या एका लेखाच्या प्रचलित वाचनानुसार दानाच्या ठेवीवर बुरुडांच्या श्रेणीने दरमहा पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीने पाव कार्षापण द्यावयाचे होते. मुद्दल किती असावे? ते व्याजावरून काढावे लागते.

३/५ व्याजाचा दर नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात सापडतो. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे २००० व १००० कार्षापण ठेवले. दर शेकडा दरमहा अनुक्रमे एक आणि पाऊण. २००० वरील वार्षिक व्याज २४०. २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२, म्हणजे तेही २४०. हिशेब चोख जुळतो.

४/५ हेच दर जुन्नरला लागू होते असे मानल्यास बुरुडांकडील मुद्दल १७५ ते २३३, तर कासारांकडील २५ ते ३३ कार्षापण ठरते.

५/५ येथेच थांबणे इष्ट. सातास एक हे प्रमाण एका दानाच्या वाटणीचे आहे, दोन धंद्यांच्या विक्रीचे नव्हे. नाणेघाटातील दगडी रांजण पाहून जकातीचे आकडे मांडतानाही हाच संयम हवा. लेखातून श्रेणीचे उत्पन्न कळत नाही; कळते ती तिची पत. महिन्यामागून महिने व्याज देत राहील असा धंदा बुरुडांच्या हाती आहे, याची दात्याला खात्री होती.