विद्यार्थी-सहभाग, विद्यापीठीय (मुळशी तालुका)

विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांनी भाग घेण्याच्या रीती. पुणे जिल्ह्यातील मुळशीत त्यांच्या दोन तऱ्हा शेजारीशेजारी आढळतात. पौड-पिरंगुट भागातील पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. लवळ्याचे सिंबायोसिस (अभिमत) आणि फ्लेम (खासगी) त्याच्या कक्षेबाहेर आहेत. मात्र कायद्याच्या कक्षेतला विद्यार्थी अधिक बलवान, असे मानणे घाईचे ठरेल. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका थांबून गुणवत्तेवर प्रतिनिधी निवडले जाऊ लागले. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९९ ने थेट मतदान परत आणले. २०१९ मध्ये त्याचा कार्यक्रम विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलला गेला, मग कोविड आला. महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष-सचिवांना कलम ९७ ने जागा दिली आहे. परिषदच निवडून आली नाही, तर ती जागा कागदावरच राहते.

म्हणून लवचीक वाटांना महत्त्व येते. ताम्हिणीकडून एसटीने येणाऱ्या किंवा पिरंगुटच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या विद्यार्थ्याला दुपारनंतरची बैठक गाठणे अवघड. त्याला विषयपत्रिका आधी मिळावी, लेखी किंवा दूरस्थ मत नोंदवता यावे, एका प्रश्नापुरते सदस्य होता यावे. अशाने निवडणुकीची मागणी बोथट होईल, हा आक्षेप निराधार नाही. उदाहरणार्थ, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणात अध्यापनावर मत विचारतात, निर्णयात वाटा देत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांनुसार तक्रार निवारण समितीतला विद्यार्थीही केवळ विशेष निमंत्रित, तोही नेमलेला. पण याच यूजीसीने २०१५ च्या नियमांत लैंगिक छळाच्या अंतर्गत समितीवर, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास, तीन निवडून आलेले विद्यार्थी घ्यायला सांगितले, आणि ते अभिमत विद्यापीठांनाही लागू आहे. इतक्या नाजूक कामात निवडून आलेला विद्यार्थी चालतो, तर वसतिगृहाच्या किंवा बसच्या वेळापत्रकाबाबत त्याला अपरिपक्व ठरवणे टिकत नाही. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो, ही सबब तर उलटी आहे: मुदत छोटी म्हणूनच नोंदी आणि हस्तांतर नेटके हवे. मत नाकारल्यास लेखी कारण देण्याचे बंधन नसेल, तर या लवचीक वाटा केवळ सूचनापेट्या ठरतात. ते बंधन असले तरी थेट निवडणुकीची जागा त्या घेऊ शकत नाहीत.